टेकडीवरचा फितूर

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. 'जुना' म्हटल्यावर तुम्हांला हसू येईल, कारण नवा दगड कुणी पाहिला आहे? पण तुम्ही भांड्याला, घराला, मित्रालासुद्धा जुना म्हणता, तेव्हा मीही स्वतःला तसे म्हणवून घेतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. 'दगडासारखा निश्चल', 'दगडासारखा स्वस्थ' असे तुमच्या पुस्तकांत लिहिलेले असते. ज्याने ते पहिल्यांदा लिहिले त्याने दगडाला कधी कान लावला नसावा. उन्हाने मी फुगतो, थंडीने आकसतो, माझ्या पोटात बारीक कटकट सारखी चालू असते. त्यात मला एक नाव मिळाले, आणि तेव्हापासून तर मला क्षणभरही निवांतपणा नाही. ही त्या नावाचीच गोष्ट आहे.

आम्ही सहाजण एकाच डोंगराच्या पोटातून निघालो. ज्यांनी आम्हांला काढले त्यांची भाषा आता कुणी बोलत नाही. लाकडाच्या ओंडक्यांवरून, दोरांनी ओढत, शिव्या देत (शिव्या कोणत्याही भाषेत ओळखू येतात) त्यांनी आम्हांला एका उघड्या टेकडीवर आणले आणि गोल करून उभे केले. मी सगळ्यांत उंच, एकावर एक दोन माणसे उभी राहतील एवढा. का उभे केले, हे मात्र विचारू नका. ज्याला कामाला लावायचे त्याला काम सांगावे लागते, हे त्यांच्या गावीही नव्हते. मोठे मोठे अभ्यासक पुढे आमच्याभोवती फिरून गेले. कुणी म्हणाले, सूर्य मोजायला. कुणी म्हणाले, मेलेल्यांच्या आठवणीला. मी प्रत्येक वेळी उत्सुकतेने ऐकले. मलाही कळले असते तर बरे वाटले असते.

खाली नदीकाठी गाव वसले, त्याचे छोटे शहर झाले. तिथले लोक आम्हांला 'सहा म्हाताऱ्या' म्हणत. गुराखी आमच्या सावलीत झोपत, गाई आमच्यावर पाठ घासत. ते दिवस चांगले होते. म्हातारी म्हणवून घेण्यात कसला अपमान?

मग रानराजा आला.

रानराजा हे लोकांनी त्याला दिलेले नाव. तो लूटमार करणारा बंडखोर होता, त्याच्या डोक्यावर इनाम लागले होते, आणि शिपाई त्याला रानोमाळ शोधत होते. त्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. तो एका उडीत नदी ओलांडत असे, श्रीमंतांचे लुटून गरिबांना वाटत असे, त्याच्या नुसत्या आवाजाने घोडे गुडघे टेकत असत. मित्रांनो, मी त्याला जवळून पाहिले आहे. तो बुटका होता. कुत्र्यांना घाबरत असे. एका कडाक्याच्या थंडीत तो माझ्या आडोशाला येऊन बसला तेव्हा त्याला फणफणून ताप होता, आणि नाक पुसून पुसून त्याची बाही कडक झाली होती. त्याच्याबरोबर एकच सोबती उरला होता, खालच्या शहरातल्या पाथरवटाचा मुलगा. पाथरवट म्हणजे दगड फोडणारे, घडवणारे. त्यांच्या हाताला आमची ओळख असते, म्हणून तो मला टेकून बसला तेव्हा मला बरे वाटले.

"मी औषध घेऊन येतो," सोबती म्हणाला. "तोवर शेकोटी पेटवू नको. धूर दिसेल."

"तू ये लवकर," रानराजा म्हणाला. "नाहीतर मी इथेच दगड होईन."

सोबती खाली गेला. ऊन कलले तरी तो आला नाही. रानराजाचे दात वाजू लागले. शेवटी त्याने काटक्या गोळा केल्या आणि शेकोटी पेटवली. धुराची रेघ सरळ वर चढली. मी तिच्याकडे पाहत होतो, आणि मला ओरडता येत नव्हते.

शिपाई आले. त्याला धरून नेताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बरं झालं धूर दिसला. तो बाजारात धरलेला तर तोंडच उघडत नव्हता. किती बडवला, पण हूं की चूं नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. ते ऐकणारे आम्ही सहाच होतो, आणि त्यातला आज मी एकटा उरलो आहे.

रानराजाला फाशी झाली आणि काही दिवसांनी सोबत्याला सोडून दिले. नुसते औषध विकत घेतले म्हणून फाशी कशी देणार? तो एका दुपारी लंगडत टेकडीवर आला. माझ्या पायाशी त्याने औषधाची बाटली ठेवली. ती भरलेलीच होती. तो बराच वेळ बसला आणि काही न बोलता खाली गेला.

खाली मात्र बोलणारे पुष्कळ होते. राजा मेला आणि सोबती जिवंत परत आला, म्हणजे काय ते उघडच आहे! कुणीतरी तो शब्द उच्चारला: फितूर. शब्दाला पाय लागतच नाहीत, तोंडे लागतात. पाथरवटाच्या घराचे नाव 'फितुरांचे घर' झाले. तो गेला, त्याची मुले गेली, नाव राहिले.

आता माझी पाळी कशी आली ते ऐका. रानराजाला पकडून काही वर्षे झाल्यावर लोकांना त्याची आठवण गोड वाटू लागली. मेलेला लुटारू कुणाला नको असतो? त्याने लूट टेकडीवर पुरली आहे अशी बातमी उठली. मी सगळ्यांत उंच, म्हणून खजिना माझ्याच पायाशी असणार, असे काही शहाण्यांनी ठरवले. त्यांनी पहारी आणल्या आणि माझ्या एका अंगाला खोल खणले. सापडली ती माती आणि माझ्यासारखेच पण नशीबवान दगड, म्हणजे जमिनीखाली पडून राहिलेले. एकाची पहार तुटली. त्यांनी खड्डा घाईघाईने बुजवला आणि ते निघून गेले. पुढच्या पावसाळ्यात ती भुसभुशीत माती बसली आणि मी त्या बाजूला कललो. बाकीच्या पाचजणांपासून दूर, मान वळवल्यासारखा.

त्यांच्या नातवंडांनी वर येऊन पाहिले आणि त्यांना सगळे समजले. हे सहा दगड म्हणजे रानराजाची टोळी! शिपायांनी वेढले तेव्हा ती दगड झाली. आणि हा कललेला, तोंड फिरवून उभा असलेला, तो कोण? फितूर! दुसरा कोण असणार?

झाले. म्हाताऱ्यांचे पुरुष झाले, मी फितूर झालो. टेकडी चढणारा प्रत्येकजण मला एक खडा मारू लागला. आया लहान मुलांना कडेवर उचलून घेत, त्यांच्या मुठीत खडा देत आणि म्हणत, "मार, मार त्याला, वाईट्ट आहे तो." मुलांचा नेम चुके, मग आईच मारून दाखवी. खड्याने मला काय होणार? पण ज्याने बाटली आणली होती त्याच्या नातवंडांच्या दारावरही असेच काही पडत असेल, या विचाराने मी उन्हातही थंड पडत असे. खरे काय घडले ते सगळ्या टेकडीवर फक्त दगडांना ठाऊक होते. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, तोंड फुटत नाही.

मग रस्ता आला.

शहराला मोठा रस्ता हवा होता आणि रस्त्याला खडी हवी होती. टेकडीवर सहा दगड फुकट उभे होते. ठेकेदाराने ते फोडायचे काम ज्याला दिले तो त्याच 'फितुरांच्या घरा'तला पाथरवट होता, उंच, कमी बोलणारा, तरुण. त्याच्या घरात तेव्हा एक लहान मुलगी होती. तिला मी पुढे चांगला ओळखू लागलो.

पाथरवट फोडण्याआधी दगडाला हातोडीने टिचकी मारतो. अखंड दगड खणखणतो. आत तडा असेल तर आवाज बद्द येतो आणि असा दगड फोडला की त्याचा भुगा होतो. त्याने माझ्या पाचही सोबत्यांना टिचकी मारली. पाचही खणखणले. त्यांच्या अंगात भोकांची रांग पाडली, पाचरी ठोकल्या, आणि एकेकजण मधोमध उकलत गेला. तो आवाज मी तुम्हांला सांगणार नाही.

मग तो माझ्यापुढे आला आणि थांबला.

"काय रे फितुरा, हात का थांबला?" ठेकेदार जीपमधूनच ओरडला. नाकाला ओला रुमाल लावून तो धुळीपासून लांब बसला होता. "घरचंच कार्य आहे! या तुझ्या आजोबांचा मान पहिला होता खरं तर."

मजूर हसले. पाथरवटाने मला टिचकी मारली. मी खणखणलो. काशाच्या भांड्यासारखा स्वच्छ आवाज आला, मी स्वतः ऐकला.

"बद्द आहे," तो मोठ्याने म्हणाला.

"म्हणजे?"

"आतून तडकलाय. भुगा होईल. रस्त्याच्या कामाचा नाही."

"वा! फितूर तो फितूर. शेवटपर्यंत दगा देणार," ठेकेदार म्हणाला. "मग ने तुझ्या घरी. घराणं एकत्र येईल."

त्या घराण्याने केलेली फितुरी म्हणजे एवढीच, आणि ती माझ्यासाठी होती.

मला उपटताना माझ्या बगलेतली माती ढासळली आणि जुना, बुजवलेला खड्डा उघडा पडला. पाथरवट आत उतरला. तिथे त्याला पहारेचे तुटलेले टोक मिळाले. ते त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिले. मग त्याने वर, मी ज्या बाजूला कललो होतो तिकडे पाहिले, आणि ते टोक खिशात टाकले. तो कुणाला काही बोलला नाही. त्याचे बोलणे कुणी ऐकलेही नसते.

अशा रीतीने मी त्याच्या दारापुढची पायरी झालो. मित्रांनो, उभ्या दगडाला आडवे पडावे लागणे म्हणजे काय हे तुम्हांला कसे सांगू? पूर्वी मला नदीचे वळण दिसे. आता मला चपला दिसू लागल्या. आभाळ होते, पण ते नुसते अंगावर पडल्यासारखे. मला सारखे उठावेसे वाटे. पायरी कधीकधी उगीच हलते असे घरातले म्हणत आणि खाली दगडाची चीप मारत. ती चीप काही दिवसांत पुन्हा निसटत असे.

पण त्या दारात काही चांगलेही पाहिले. संध्याकाळी पाथरवट माझ्यावर बसून अंगावरची धूळ झटकत असे. मुलगी शेजारी येऊन बसे. आई तिच्या जन्मानंतर लवकरच गेली होती, त्यामुळे दिवसभराच्या सगळ्या तक्रारी बाबांच्याच वाट्याला. एकदा ती शाळेतून फाटक्या बाहीने आली.

"काय झालं?"

"मला फितुरीण म्हणाला."

"मग तू काय केलंस?"

"चावले."

"त्याला?"

"त्याच्या दादाला. तो मध्ये आला."

पाथरवट हसता हसता खोकू लागला. खोकला थांबल्यावर मुलीने विचारले, "बाबा, आपल्याला असं का म्हणतात?"

"लोकांना हाक मारायला काहीतरी लागतं," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने तिला एवढेच सांगितले.

मुलगी मोठी झाली आणि दूरच्या मोठ्या शहरात गेली. ती छापखान्यात काम करू लागली. पुस्तक छापण्याआधी ते वाचून त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचे काम. "लोकांच्या चुका काढायचा पगार मिळतो?" शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींनी विचारले होते. "अगं, मी तर जन्मभर फुकट काढते!"

पाथरवट म्हातारा झाला. नाव तेच राहिले, पण त्याची धार गेली होती. दुकानदार प्रेमाने म्हणे, "या फितूरकाका." मावशी भिंतीपलीकडून हाक मारत, "फितूरदादा, चहा टाकलाय." तो 'ओ' देत असे. त्याचा खोकला मात्र वाढत गेला. दगडाची धूळ छातीत जाऊन बसते. मी तिचाच भाऊबंद, मला ते कळत होते. खोकल्याची उबळ आली की तो हात माझ्यावर टेकवत असे, आणि मला वाटे, आपण अंग चोरून घ्यावे. कुठे चोरणार?

मुलीने फोनवर सांगितले होते की ती सुट्टी काढून नवे औषध घेऊन येते आहे. ती आली तेव्हा सकाळ होती. फाटकातून आत येताना तिने आधी माझ्याकडे पाहिले. माझ्यावर चपलाच चपला होत्या. इतक्या चपला माझ्यावर कधीच निघाल्या नव्हत्या. ती तिथेच थांबली. हातातली औषधांची कागदी पिशवी तिने माझ्या कडेला, चपलांच्या बाजूला नीट ठेवली, पडू नये अशी. मग ती आत गेली.

मावशींनी तिला जवळ घेतले. "फितूरदादा गेले गं," त्या रडत म्हणाल्या. "असा माणूस होणे नाही." मुलीचे अंग ताठ झालेले मी पाहिले. मग तिने मावशींच्या खांद्यावर डोके ठेवले.

माणसे पांगली. मुलगी घर आवरत राहिली. मला वाटले, आता दाराला कुलूप लागेल आणि मी असाच पडून राहीन. पण एके दिवशी हॉटेलवाला आला.

नव्या रस्त्यावर त्याचे मोठे हॉटेल होते. उतरणारे प्रवासी त्याला विचारत, "ते रानराजाचे दगड कुठे आहेत?" तुमची गाडी त्यांच्यावरूनच आली, असे सांगणे त्याला जड जात असावे. त्याने एक समिती काढली होती. अध्यक्ष तो, चिटणीस त्याचा मेव्हणा.

"ताई, तुमच्या वडिलांनी आमचा ठेवा जपला," तो माझ्यावर उभा राहून म्हणाला.

"तुम्ही ठेव्यावरच उभे आहात," मुलगी म्हणाली.

तो पटकन खाली उतरला. "टेकडीवर पुन्हा सहा दगड उभे करतोय आम्ही. पाच सिमेंटचे, अगदी हुबेहूब. पण एक तरी खरा हवा की नको?"

"कसा उभा करणार?"

"जुन्या चित्रात आहे तसाच. तिरका, मान वळवून. खाली छानशी पाटी, 'फितूर'. लोकांना तेच बघायचंय हो. बाकीचे पाच काय, सारखेच. गंमत आहे ती याच्यात."

मुलीने वाकून माझ्यावरची त्याच्या बुटांची माती झटकली. मग म्हणाली, "विचार करून सांगते."

मित्रांनो, आता माझी लाज सांगतो. मला उभे राहायचे होते. नदीचे वळण पुन्हा दिसावे, वारा चारी बाजूंनी लागावा, म्हणून मी तळमळत होतो. त्यासाठी तिरके राहायलाही मी तयार झालो असतो. पण त्या पाटीवरचा शब्द एकट्या माझा नव्हता. तो दगडाच्या नावाखाली या घरावर कायमचा ठोकला जाणार होता, आणि ज्याच्या छातीत धूळ बसली त्याच्यावरही. मला उठायचे होते, आणि मी उठलो तर तो पडणार होता. निर्णय माझ्या हातात नव्हता. त्या काळात माझ्याखालची चीप रोज निसटत होती.

मावशी शिवण घेऊन माझ्यावर बसायला आल्या. "देऊन टाक. पायरी काय बरोबर नेणार आहेस?"

"आणि पाटी?"

"पाटीचं काय एवढं? आम्ही जन्मभर म्हणत आलो. दादांनी कधी मनाला लावून घेतलं नाही."

"घेतलं नाही, की दाखवलं नाही, मावशी?"

मावशींनी दोरा दातांनी तोडला. सुई कापडात खोचून ठेवली. "कधी विचारलं नाही गं," त्या म्हणाल्या.

मुलीने हॉटेलवाल्याला निरोप दिला: दगड न्या, पण सरळ उभा करायचा, आणि पाटी लावायची नाही. तो "हो हो, अगदी" म्हणाला. 'अगदी' हा शब्द तो जरा जास्तच वापरत असे.

क्रेन आली. मला पट्टे बांधले आणि उचलले. टेकडीवर पोचेपर्यंत मी डोळे मिटून घेतले असते, असते तर. वर पाच सिमेंटचे दगड उभे होते, आतून पोकळ. वारा सुटला की त्यांच्यातून बाटलीत फुंकर मारल्यासारखा आवाज येत होता. क्रेनने मला त्यांच्यामध्ये अधांतरी धरले. पायाखाली काहीच नाही, असे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते. मी हळूहळू गोल फिरत होतो, आणि खाली मुलगी खड्ड्यात वाकून पाहत होती.

"हे काय? खड्डा तिरका का?"

"ताई, असं बघा," हॉटेलवाला म्हणाला, "जुनं रूप राखायला नको का? तो मुळातच कलला होता."

"कलला नव्हता. कलवला होता."

"एका अक्षराने काय होतंय?"

"माझं पोट त्या एका अक्षरावर चालतं," मुलगी म्हणाली. बाजूला कापड घातलेली एक पाटी टेकवून ठेवली होती. ती तिने पाहिली, पण तिला हात लावला नाही. "बाबांनी याला काढला तेव्हा याच्या बगलेत जुना खड्डा निघाला. त्यात पहारेचं टोक होतं. मी नोकरीला निघाले त्या दिवशी त्यांनी मला ते दाखवलं आणि सगळं सांगितलं. लोकांनी खजिन्यासाठी खणलं, म्हणून हा वाकला. वाकला म्हणून फितूर ठरला."

"बरं, दगडाचं राहू द्या. पण फितूर कुणीतरी होताच ना? माणूस?"

माझ्या पोटात कडकन आवाज झाला. क्रेनवाल्याने दचकून माझ्याकडे पाहिले. धूर! मी ओरडत होतो. धूर दिसला म्हणून पकडला! तो हूं की चूं बोलला नव्हता!

"मला माहीत नाही," मुलगी म्हणाली. "तुम्ही पाहिलं होतं?"

"मी? मी कसा पाहणार? किती पिढ्या झाल्या!"

"मग तुम्हालाही माहीत नाही. सरळ उभा करा, नाहीतर परत पायरीला घेऊन चला."

"काय ते लवकर ठरवा!" क्रेनवाला वरून ओरडला. "दगड आहे, पतंग नाही!"

हॉटेलवाल्याने मेव्हण्याकडे पाहिले. मेव्हण्याने पाटीकडे पाहिले. तेवढ्यात मावशी धापा टाकत टेकडी चढून आल्या. त्या कमरेवर हात ठेवून थोडा वेळ नुसता श्वास घेत उभ्या राहिल्या.

"कर की रे सरळ," त्या म्हणाल्या. "मी म्हणत आले त्याला फितूर. रोज. चहाला बोलावतानासुद्धा. माझ्या तोंडाचं मी बघून घेईन. दगडाला कशाला त्यात घेता?"

 बाजूला उभ्या असलेल्या गवंड्याने कुदळ उचलली आणि तो खड्ड्याची एक बाजू उतरवू लागला. काम झाल्यावर मला हळूहळू आत सोडले. माझे पाऊल तळाला टेकले तेव्हा ओळखीचा गारवा वर चढला. गवंड्याने ओळंबा काढला, दोरीला बांधलेले ते लोखंडी वजन. उभी वस्तू सरळ आहे की नाही हे तेच सांगते.

"मला द्या," मुलगी म्हणाली.

स्टुलावर चढून तिने दोरी माझ्या अंगाशी धरली. वजन झुलू लागले. "जरा डावीकडे," ती म्हणाली. क्रेन कुरकुरली. "अजून. थोडं मागे. बस." वजन झुलत राहिले, मग त्याचे झुलणे लहान होत गेले, आणि ते थांबले. दोरी आणि मी शेजारी शेजारी, दोघेही सारखे. लोक खड्ड्यात माती आणि दगड ठोकून भरू लागले. भरणे संपले तरी तिने हात खाली घेतला नाही. शेवटी मावशींनीच तिला कोपराला धरून उतरवले.

गोष्ट इथे संपली असती तर मीही स्वस्थ झालो असतो. पण ऐका.

पाटी लागली नाही. मग आता कोण कोणता, हे प्रवाशांना सांगायचे काम मेव्हण्याकडे आले. काही महिन्यांनी मुलगी आली आणि घोळक्याच्या मागे उभी राहिली. "हा बघा," मेव्हणा माझ्याकडे हात करून म्हणाला, "सगळ्यांत उंच, ताठ, आणि एकमेव अस्सल. हा साक्षात रानराजा! बघा कसा छाती काढून उभा आहे."

मुलीने तोंडावर हात दाबला. ती रडते आहे असे मला वाटले. ती हसत होती. लहानपणी चावल्याची हकीकत ऐकून तिचे बाबा हसले होते तशी, थांबता न येणारी. "बाबा," ती हळूच म्हणाली, "बढती झाली हो आपली."

"आणि फितूर कुठला?" घोळक्यातून कुणीतरी विचारले.

मेव्हण्याने बाकीच्या पाचांवर नजर फिरवली. मग त्याने टोकाच्या सिमेंटच्या दगडाकडे बोट केले. "तो. जरा बुटका आहे ना? तोच."

मुलीचे हसणे थांबले. ती पुढे गेली, मेव्हण्याला म्हणाली की कुणालाच फितूर म्हणू नका. त्याने मान डोलावली. दुसऱ्या घोळक्याला त्याने पुन्हा तेच सांगितले. आता लोक त्या पोकळ दगडापुढे वाकुल्या दाखवून फोटो काढतात. तो अजून नवा आहे, त्याला काही कळत नाही. त्याच्या नावाला अजून कुणाचे घर सापडलेले नाही. ते कधी सापडेल या धास्तीने मी आता शहरातल्या एकेका छपराकडे पाहत असतो. उभा आहे, त्यामुळे सगळी दिसतात.

मी रानराजा नाही, मित्रांनो, आणि फितूरही नव्हतो. मी दगड आहे. 'आम्हां दगडांना जपा' असे मी शेवटी म्हणणार होतो, आणि जपाच. माझे पाच सोबती तुमच्या गाड्यांखाली आहेत. पण आम्ही रस्त्याखालीही दगडच राहतो. माणसाचे तसे नसते. तुमच्या वस्तीत असे एखादे घर असेल, ज्याचे खरे नाव कुणी घेत नाही. त्याला भलत्या नावाने हाक मारणाऱ्यांना विचारा, 'तुम्ही पाहिलं होतं?', आणि मग त्या घरी जा. पायरी चढा, दार वाजवा, काय ते त्यांच्याच तोंडून ऐका. फक्त उशीर करू नका. आत माणूस आहे तोवर जा.